गिरणीच्या जागेवर नवी वस्ती उभारताना या चुका टाळा

मुंबईच्या गिरणगावातल्या कापड गिरण्यांच्या सुमारे 600 एकरांचं काय झालं, ते सगळ्यांसमोर आहे. राज्यात बंद गिरण्यांची जी आवारं अजून उरली आहेत, तिथे तरी तेच पुन्हा व्हायला नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सरसकट पाडापाडी. जुनी शेड भुईसपाट करून तिथल्या टॉवरला ‘ग्रीन’ म्हणणं मला पटत नाही. नव्या सिमेंट-लोखंडाचा कार्बन पहिल्याच दिवशी हवेत गेलेला असतो. जुन्या शेडचं करवतीच्या दातांसारखं छप्पर नीट पाहा. उत्तरेकडच्या काचांतून थेट ऊन फारसं न येता उजेड मिळतो आणि दक्षिणेकडचा उतार सोलर पॅनलसाठी आयता तयार असतो. फक्त आधी छपराखालच्या कैच्या (त्रिकोणी सांगाडे) किती भार पेलतील, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या.

भिंत जपली, पण तिला सिमेंटचा गिलावा केला, तर तीही हातची जाते. चुन्यातल्या भिंतीची ओल आत कोंडते, मीठ फुटतं, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. असं झालंच असेल, तर वर वॉटरप्रूफ रंग मारू नका. सिमेंट उतरवा, भिंत उन्हाळाभर वाळू द्या आणि मग चुन्याचाच गिलावा करा.

रंगखात्याच्या, म्हणजे जिथे कापड रंगवायचे त्या जागेवर माती तपासल्याशिवाय बाग किंवा खेळाचं मैदान नको. ॲस्बेस्टॉसचे पत्रे फोडून काढू नका, अख्खे उतरवा.

मोकळ्या जागेबाबत तर डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश बागा-मैदानांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला आणि बागा व घरं दोन्ही आक्रसली. पोडियमवरची, म्हणजे इमारतीच्या खालच्या मजल्यांच्या गच्चीवरची हिरवळ ही त्याची भरपाई नव्हे. खाली पार्किंग असेल तर पाणी जमिनीत मुरणार कसं? सखल हिंदमाताचं पाणी साठवायला पालिकेला परळ-दादरच्या मैदानांखाली टाक्या बांधाव्या लागल्या. म्हणून नकाशातच एक सलग तुकडा तळघराविना, खऱ्या मातीचा राखून ठेवा.

आणि मॉल, ऑफिस, महागडे फ्लॅट एवढ्यालाच मिश्र वस्ती समजू नका. तिथे काम करणारा रोज विरार-बदलापूरहून येणार असेल, तर वाचवलेली वीज कितीशी पुरणार? गिरणी कामगारांची आणि परवडणारी घरं त्याच आवारात हवीत. ती पूर्ण होईपर्यंत ऑफिसच्या इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळणार नाही, ही अट पहिल्याच परवानगीत लिहून घ्या.