पेंड्युलमचं प्रॅक्टिकल: ‘जी’ १०.८ आला तर

अकरावीत पेंड्युलमवरून ‘जी’ (गुरुत्वत्वरण) काढताना बरेच जण रीडिंग ९.८ ला जुळवून टाकतात. तसं करू नका. चुकलेलं उत्तर हे चूक कुठे झाली तेही सांगतं.

उदाहरणार्थ, १०.८. एक मीटर लांबीच्या पेंड्युलमला वीस दोलनांसाठी आपल्याकडे साधारण ४०.२ सेकंद लागतात. घड्याळात ३८.२ दिसले तर तुम्ही बटण दाबताना ‘एक’ म्हणालात. ‘शून्य’ म्हणायचं असतं. नाहीतर १९ दोलनांचा वेळ २० ने भागला जातो. ८.९ आला तर उलट, २१ दोलनं झाली.

बटण बॉब (दोऱ्याला टांगलेला गोळा) मध्यावरून जाताना दाबा, टोकाला नाही. टोकाला तो रेंगाळतो, नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही. मागे खडूची उभी रेघ मारून ठेवा. बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तर एकाच दोलनात ती दहा टक्के होते, विसात अर्धा टक्का.

लांबी चिरलेल्या बुचाच्या (ज्यात दोरा पकडलेला असतो) खालच्या कडेपासून बॉबच्या मध्यापर्यंत, तीही बॉब टांगल्यावर मोजायची, कारण दोरा ताणतो. व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) बॉबचा व्यास घेऊन निम्मा दोऱ्याच्या लांबीत मिळवा. इथे एक गंमत आहे. ६० ते ११० सेंटीमीटरमधल्या सहा लांब्या घेऊन आवर्तकालाचा (एका दोलनाच्या वेळेचा) वर्ग आणि लांबी असा आलेख काढलात, तर त्रिज्या विसरली तरी ‘जी’ बरोबर येतो. रेघ वर सरकते, चढ तोच राहतो: दर मीटरला सुमारे ४.०३. ३९.४८ ला (म्हणजे ४π² ला) त्याने भागा, की ‘जी’ मिळतो. म्हणून रेघ ओढूनताणून शून्यातून नेऊ नका. तिथेच चांगली रीडिंग वाया जातात.

बॉब एक मीटरला ८-९ सेंटीमीटरच बाजूला घ्या, म्हणजे कोन ५ अंशांचा राहतो. ३० अंशांना आवर्तकाल १.७ टक्के वाढतो आणि ‘जी’ ९.५ च्या खाली जातो. ढकलू नका, नुसता सोडा. लंबवर्तुळात फिरायला लागला की थांबवून पुन्हा सुरू करा. आणि पंखा बंद!

व्हायवात हमखास विचारतात: बॉब दुप्पट जड केला तर? ओढ दुप्पट होते, पण हलवायला लागणारं बलही दुप्पट, म्हणून वस्तुमान समीकरणातून उडतं. न्यूटनने हे सोनं, शिसं, वाळू, मीठ, अगदी गहूसुद्धा सारख्या लाकडी पेट्यांत भरून, ११ फुटी दोऱ्यांना टांगून तपासलं होतं.