फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताय? या चुका टाळा

१४ जुलै जवळ आला की बॅस्टिलवरचे (१७८९ मध्ये याच दिवशी लोकांनी घेतलेला पॅरिसचा किल्ला-तुरुंग) लेख आणि शाळेतली भाषणं सुरू होतात, आणि चुकाही दरवर्षी त्याच.

पहिला नंबर अर्थातच केकचा. 'पाव नसेल तर केक खा' हे राणी मारी आंत्वानेतच्या (सोळाव्या लुईची बायको) नावावर खपवू नका. तत्त्वज्ञ रूसोने आत्मचरित्रात हे वाक्य एका राजकन्येच्या तोंडी घातलं, नाव न घेता. तेव्हा मारी व्हिएन्नात होती, जेमतेम दहा-बारा वर्षांची. फ्रान्सची सून व्हायला अजून अवकाश होता. शिवाय मूळ शब्द 'ब्रिओश', म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव.

'बॅस्टिल फोडून शेकडो राजकैदी सोडवले' हेही खोडा. आत सात जण होते: चार बनावट हुंड्या करणारे, दोन वेडे आणि घरच्यांनीच डांबायला लावलेला एक सरदारपुत्र. लोक तिथे बंदुकीच्या दारूसाठी गेले होते. सकाळी अँव्हालिद या पॅरिसमधल्या लष्करी इमारतीतून हजारो बंदुका हाती लागल्या होत्या, पण दारूशिवाय त्या बंदुका म्हणजे नुसत्या काठ्याच!

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे १७८९ वरून थेट गिलोटिनवर, म्हणजे मुंडकं छाटणाऱ्या यंत्रावर, उडी. बॅस्टिल पडल्यावरही राजा सोळावा लुई तीन वर्षं गादीवर होता. जून १७९१ मध्ये तो वेश पालटून पळाला, व्हारेन गावात सापडला आणि लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध पेटलं, १० ऑगस्टला जमावाने त्वीलरी राजवाडा घेतला, सप्टेंबरात राजेशाही रद्द झाली आणि २१ जानेवारी १७९३ ला राजाचं डोकं उडालं. यातलं युद्ध गाळलंत तर पुढचं दहशतपर्व (१७९३-९४ मधलं मृत्युदंडांचं सत्र) आभाळातून पडल्यासारखं वाटतं. सरहद्दीवर शत्रू, पश्चिमेला व्हांदेत बंड, पॅरिसमध्ये पावाची टंचाई. मग शेजारीही फितूर वाटू लागतो. सप्टेंबर १७९३ चा संशयितांचा कायदा, म्हणजे नुसत्या संशयावरून अटकेची मुभा, याच भीतीतून आला.

त्या पर्वात 'सरदारांची मुंडकी उडाली' असं सरसकट लिहू नका. न्यायालयीन शिक्षेने सुमारे १७,००० माणसं मारली गेली. त्यात सरदार दहातला एकही भरत नाही. बहुतेक शेतकरी, कारागीर, मजूर, दुकानदार. पॅरिसमधले त्यातले साधारण २,६००, बाकीचे प्रांतांतले. तुरुंगात मेलेले आणि व्हांदेच्या लढाईत कापले गेलेले वेगळेच. सगळं खापर क्रांतीचा पुढारी रोब्सपिअर याच्या एकट्यावर फोडणंही सोयीचं आहे. तेव्हा देश चालवणाऱ्या सार्वजनिक सुरक्षा समितीत त्याच्यासह बारा जण होते, आणि जुलै १७९४ मध्ये त्याचा काटा काढणाऱ्यांपैकी काहींचे हात आधीच रक्ताने माखलेले होते.

ज्याच्या नावावरून गिलोटिन हे नाव पडलं, त्या डॉक्टर गिलोतँने ते यंत्र बनवलं नाही, त्यावर मेलाही नाही.

आणि लेखाला चित्र लावताना एकदा तारीख बघा. हातात फ्रान्सचा तिरंगी झेंडा घेऊन लोकांच्या पुढे चालणारी ती प्रसिद्ध चित्रातली बाई चित्रकार दलाक्रवाने रंगवली १८३० च्या क्रांतीवर. तिथे राजा दुसराच, दहावा चार्ल्स. सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ.