मराठी अ‍ॅपच्या स्क्रीनची टेस्ट एस्प्रेसोत लिहिताना

एस्प्रेसो म्हणजे अँड्रॉइडवर स्क्रीनच्या टेस्ट आपोआप चालवणारी लायब्ररी. आधी फोन तयार करा. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथली विंडो, ट्रान्झिशन आणि अ‍ॅनिमेटर ही तिन्ही अ‍ॅनिमेशन स्केल बंद करा. एखादं चालू राहिलं की तीच टेस्ट कधी पास होते, कधी फेल, आणि आपण उगाच कोड चाचपत बसतो.

बटण शोधायचं ते विथआयडीने, म्हणजे कोडमध्ये बटणाला दिलेल्या आयडीवरून. दिसणाऱ्या मजकुरावरून शोधणाऱ्या विथटेक्स्टमध्ये 'दुसऱ्या खात्यात पाठवा' असं हाताने टाइप करू नका. मराठीत खरी मेख इथेच आहे. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिलं जातं: ऱ, हलन्त आणि या, किंवा साधा र, हलन्त, अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह झीरो विड्थ जॉइनर आणि या. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, तुलनेत मात्र वेगळी ठरतात. एनएफसी नॉर्मलायझेशननेही (युनिकोड मजकूर एकाच ठरलेल्या रूपात आणण्याच्या पद्धतीनेही) ती एक होत नाहीत. मजकूर तपासायचाच असेल तर विथटेक्स्टला स्ट्रिंग्ज फाइलमधला (जिथे स्क्रीनवरचा सगळा मजकूर ठेवलेला असतो) रिसोर्स आयडी द्या. अर्थात त्यातून शुद्धलेखनाची चूक सापडणार नाही. ती माणसानेच वाचून काढायची.

नाव-पत्ता भरताना टाइपटेक्स्ट देवनागरीवर एरर देतं, कारण ते अक्षरांच्या की-इव्हेंट, म्हणजे कीबोर्डची कळ दाबल्याच्या नोंदी, बनवू पाहतं आणि देवनागरीसाठी त्या मिळत नाहीत. तिथे मजकूर थेट रकान्यात ठेवणारं रिप्लेसटेक्स्ट वापरा. रकमेचंही तसंच: मराठी लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) नंबरफॉरमॅट ५०० हे देवनागरी अंकांत छापतो, म्हणून अपेक्षित रक्कमही त्याच लोकेलने फॉरमॅट करून घ्या.

मेन थ्रेड (स्क्रीन रंगवणारा मुख्य धागा) मोकळा होईपर्यंत एस्प्रेसो आपणहून थांबतं, पण मागे चाललेला नेटवर्क कॉल त्याला कळत नाही. त्यावर ३ सेकंदांचा स्लीप टाकणं हा उपाय नव्हे. सर्व्हरवरच्या संथ एम्युलेटरला (नकली फोनला) तेवढे पुरत नाहीत. चालू कामांची मोजणी ठेवून ती शून्य होईपर्यंत एस्प्रेसोला थांबवणारं काउंटिंगआयडलिंगरिसोर्स लावा. कॉल सुरू होताना इन्क्रिमेंट, संपताना डिक्रिमेंट, आणि हे डिक्रिमेंट फायनली ब्लॉकमध्येच (एरर आली तरी चालणाऱ्या कोडमध्येच) हवं. नाहीतर कॉल फसला की काउंट शून्यावर येत नाही आणि टेस्ट टाइमआउटपर्यंत लटकते.

शेवटी फॉन्ट स्केल (अक्षरांचा आकार) १.३ करून सगळ्या टेस्ट पुन्हा चालवा. मजकूर तीन टिंबांवर तुटला तरी 'दिसतंय का' एवढंच पाहणारं इजडिस्प्लेड पास होतं, म्हणून हॅजएलिप्साइझ्डटेक्स्ट नसल्याचं वेगळं तपासा. ठरावीक उंचीच्या बटणात 'वर्गणी'चा रफार किंवा 'कृती'चा ऋकार छाटला गेला, तर तो या दोन्हींतून सुटतो. त्यासाठी स्क्रीनशॉट काढून आधीच्या मंजूर स्क्रीनशॉटशी ताडून पाहा.