होकार देण्याआधी मार्क 1:29-39 वाचा

घरसभा, संडेस्कूल, आजाऱ्यांच्या भेटी यांत आठवडा भरून जात असेल, तर शनिवारी रात्री बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला 1:29-39 हा उतारा सावकाश वाचा. कफर्णहूम गावात आदल्या संध्याकाळी आजाऱ्यांना घेऊन सगळं गाव येशूचा शिष्य शिमोन याच्या दाराशी लोटलं होतं. तरी येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. सगळे शोधताहेत, असं शिमोनाने सांगितलं. येशू मात्र जवळच्या दुसऱ्या गावांकडे निघाला. मला हा उतारा इथेच सगळ्यात जास्त भिडतो. लोकांची गरज खरी होती, पण पुढची वाट गर्दीने ठरवली नाही.

आता वहीत पुढच्या आठवड्याची कामं लिहा. प्रत्येक कामापुढे स्वतःला विचारा: हे प्रार्थनेतून आलं, की नकार देता आला नाही म्हणून? शंका वाटेल त्या एकाच कामासाठी प्रार्थना करा. होकार-नकार रविवारी उपासनेनंतर कळवा.