फँटसी जगातला शिकाऊ उस्ताद कसा होतो, म्हणजे तुम्ही त्याला कसा करायचा

बहुतेक फँटसी गोष्टींत काय होतं, पोरगं दहा वर्षं झाडू मारतं, मग एक दिवस म्हातारा खोकत खोकत सांगतो की बाळा, आता माझ्याकडे शिकवण्यासारखं काही उरलं नाही, आणि पुढच्या पानावर पोरगं उस्ताद. गेममध्ये तर तेवढंही नाही, एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण भरले, लेव्हल वाढली, टिंग वाजलं, संपलं. माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे रोल-प्लेइंग गेममध्ये बरेच सेशन चालणाऱ्या एका गोष्टीत, मीपण हेच केलं होतं आणि खेळणाऱ्यांपैकी एकाने शांतपणे विचारलं, मग हा कालपर्यंत उस्ताद का नव्हता? काही सुचेचना मला.

नंतर जुन्या गिल्डांबद्दल, म्हणजे युरोपातल्या एकेका धंद्यातल्या उस्तादांच्या संघटनांबद्दल, वाचत गेलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उस्ताद म्हणजे स्वतःचं दुकान उघडायची, हाताखाली शिकाऊ ठेवायची आणि मालावर स्वतःचा शिक्का मारायची परवानगी. आणि ही परवानगी द्यायची कोणी, तर ज्यांच्या धंद्यात तुम्ही उद्या वाटेकरी होणार त्यांनीच! म्हणून आधी पोराच्या अंगातली कला वगैरे ठरवत बसू नका, आधी दार ठरवा आणि दारावर कोण उभं आहे ते ठरवा.

उदाहरणाला मी माझ्याच जगातला एक धंदा घेतो, सावलीशिंपी. लोकांच्या सावल्या फाटतात, झिजतात, सुटून जातात, त्या हे लोक शिवून देतात. धंदा कुठलाही घ्या पण एक प्रश्न आधी सोडवा, काम बिघडलं तर कोणाचं काय जातं? सावली कच्ची शिवली तर गिऱ्हाईक रस्त्यातच अर्धं विरून जातं, त्यामुळे शहराला गिल्ड हवं असतं, आणि गिल्डला दादागिरी करायला कारण मिळतं. ज्या कामात चूक झाली तरी कोणाचं काही बिघडत नाही तिथे उस्तादपद उगाच चिकटवल्यासारखं वाटतं.

मग करार. करारपत्रासाठी इंग्रजीत जो इंडेंचर शब्द आहे तो दातांवरून आलाय, एकाच चामड्यावर मजकूर दोनदा लिहायचा आणि मधून दातेरी कापायचं, एक तुकडा उस्तादाकडे, एक पोराच्या घरच्यांकडे, भांडण झालं की दोन्ही जुळवून बघायचे. फँटसीवाल्याला ही आयती मिठाई आहे. माझ्या जगात पोराची सावलीच अशी दातेरी कापतात आणि अर्धी उस्तादाच्या पेटीत राहते.

वर्षं किती? इंग्लंडच्या १५६३ च्या कायद्यात उमेदवारी कमीत कमी सात वर्षं होती, आणि ते कलम गेलं थेट १८१४ मध्ये. एवढी वर्षं शिकायला लागतात म्हणून नाही हो. पहिली दोन-तीन वर्षं पोरगं खातं जास्त, माल बिघडवतं जास्त, उस्तादाला ते तोट्यातच पडतं, आणि शेवटची वर्षं ते जवळजवळ पूर्ण कारागिरासारखं काम करतं पण पगार नाही, तिथे उस्ताद सगळं वसूल करतो. आपल्याकडच्या नारदस्मृतीतसुद्धा हेच आहे, अंतेवासी म्हणजे शिकाऊ पोराला आचार्याने घरी ठेवायचं, खायला घालायचं, मुलासारखं वागवायचं, दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही, पण पोरगं लवकर शिकलं तरी मुदत संपेपर्यंत त्याने तिथेच राहायचं आणि त्या काळातली कमाई आचार्याची. मला हे वाचून जाम मजा आली, कारण यातच गोष्टीचा सगळा ताण आहे, हुशार पोरगं चार वर्षांत तयार झालं तर पुढची तीन वर्षं ते कोणासाठी राबतंय हे त्यालाही कळतं आणि उस्तादालाही.

पळून गेलं तर? पुढे अमेरिकेचा मोठा नेता झालेला बेंजामिन फ्रँकलिन बाराव्या वर्षी, १७१८ मध्ये, सख्ख्या भावाच्या छापखान्यात करारावर लागला, एकविसाव्या वर्षापर्यंत, पगार फक्त शेवटच्या वर्षी. भावाचा मार खाऊन कंटाळला, सोडून जायला निघाला तर भावाने बॉस्टनच्या बाकी छापखानेवाल्यांना आधीच सांगून ठेवलं की याला कामावर घेऊ नका. शेवटी १७२३ मध्ये शहरच सोडलं त्याने. बघा, शिक्षा द्यायला ना शिपाई लागला ना जादू, चार दुकानांत एक शब्द टाकला की झालं. तुमच्या व्हिलनला एवढंच पुरतं.

मधला टप्पा लोक हमखास विसरतात. शिकाऊ आणि उस्ताद यांच्यामध्ये कारागीर असतो, इंग्रजीत जर्नीमन, आणि तो शब्द प्रवासावरून नाही तर फ्रेंचमधल्या दिवस या शब्दावरून आलाय, म्हणजे रोजंदारीवाला. शिकून झालंय, हात तयार आहे, पण दुकान नाही. बरेच जण आयुष्यभर इथेच राहायचे, आणि खरं सांगू तर माझ्या मते सगळ्यात चांगली पात्रं इथे सापडतात, चाळिशीचा माणूस, उस्तादापेक्षा हात सफाईदार, आणि तरी शिक्का दुसऱ्याचा. जर्मन भाषिक भागात या लोकांनी गावोगाव फिरायची पद्धत आहे, वाल्त्स म्हणतात, आजही काही जण करतात. मुदत तीन वर्षं आणि वर एक दिवस, आणि तेवढ्या काळात स्वतःच्या गावाच्या ५० किलोमीटरच्या आत यायचं नाही. तुमच्या गोष्टीला प्रवास हवाच असतो ना, मग जादूची तलवार शोधायला कशाला पाठवता, हा नियम लावा. घरी आई आजारी आहे आणि पोरगं ५१ व्या किलोमीटरवर उभं आहे, झाला की सीन.

आता परीक्षा. मास्टरपीस शब्दाचा मूळ अर्थ हाच, उस्ताद व्हायला गिल्डसमोर ठेवायचा नग. सोळाव्या शतकात न्यूरेंबर्गच्या सोनारांना तीन वस्तू कराव्या लागायच्या, फुलाच्या आकाराचा एक ठराविक अवघड चांदीचा पेला, खडा बसवलेली सोन्याची अंगठी आणि कोरलेला शिक्का. नीट बघा, तिन्हीत वेगळं कसब लागतं, ठोकणं, जडवणं, कोरणं. आणि डिझाइन ठरलेलं, तुमची प्रतिभा घरी ठेवून या. फँटसीत नेहमी उलटं दाखवतात, हिरो काहीतरी जगावेगळं बनवतो आणि म्हातारे रडतात. गिल्डला जगावेगळं नकोच असतं, तुम्ही आमच्यासारखंच, आमच्याइतकंच करू शकता का एवढं बघायचं असतं. माझ्या सावलीशिंप्यांची परीक्षा अशी, एक सावली म्हाताऱ्याची, एक धावत्या घोड्याची, एक पेटत्या दिव्याच्या ज्योतीची, आणि तपासणी भर दुपारी, कारण तेव्हा सावली इतकी आखडते की एकेक टाका वर दिसतो. असा एक धंद्यातला तपशील सापडला की परीक्षा खरी वाटते, नुसतं आगीतून चालायला लावून काही होत नाही.

आणि नग पास झाला तरी दार उघडेलच असं नाही. फी असते, मेजवानी द्यावी लागते, उस्तादाच्या मुलाला सवलत असते, बऱ्याच गावांत मेलेल्या उस्तादाच्या विधवेशी लग्न केलं की वाट सोपी व्हायची, कारण दुकान तिच्याकडे असायचं. आज जगभर नावाजलेला डच चित्रकार वेरमेर १६५३ च्या डिसेंबरात हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या गिल्डमध्ये उस्ताद म्हणून नोंदला गेला, फी सहा गिल्डर (तिथलं नाणं), त्याने त्या दिवशी भरले दीड, बाकीचे थेट १६५६ मध्ये. वेरमेर! उधारीवर उस्ताद. तेव्हा तुमच्या हिरोला परीक्षेत नापास करायची गरजच नाही, पास करा आणि बिल हातात ठेवा. शपथ, झेंडे, मेणबत्त्या हे सगळं दोन ओळींत उरका.

ज्यांना दार बंद त्यांचं पण काहीतरी करा. उत्तर जर्मनीत गिल्डबाहेर लपून काम करणाऱ्याला बोनहाझं म्हणायचे, साधारण माळ्यावरचा ससा, आणि गिल्डवाले त्यांची रीतसर शिकार करायचे, म्हणजे धाड घालून माल आणि हत्यारं जप्त. मी हे खेळायला बसलेल्यांना सहज गंमत म्हणून सांगितलं आणि पस्तावलो, कारण आमच्यातल्या एकीने परीक्षा दिलीच नाही, ती सरळ माळ्यावर जाऊन बसली आणि रात्री निम्म्या भावात सावल्या शिवायला लागली. तीन सेशन झाले, गिल्डवाले अजून जिना शोधतायत.