मशीन घ्यायच्या आधी ऑडिओग्राम बघायला शिका

घरात कोणाला कमी ऐकू यायला लागलं की लगेच कानाचं मशीन घेऊन टाकू म्हणतात, पण बिघाड नेमका कुठेय ते कळल्याशिवाय मशीनच्या मागे लागू नका प्लीज. आधी ईएनटीला दाखवा (कधीकधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो), मग ऑडिओलॉजिस्टकडे (ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ) टेस्ट करा आणि रिपोर्ट, म्हणजे ऑडिओग्राम नावाचा ऐकण्याचा आलेख, हातात घेऊन स्वतः बघा.

त्या आलेखात लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा, या खुणा हेडफोन लावून घेतलेल्या असतात. खूण जितकी खाली तितकं ऐकणं कमी. सोबत कंसासारख्या खुणा दिसतील, त्या कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर ठेवून घेतलेल्या असतात आणि खरं उत्तर त्यांच्यातच आहे. हाडातून नीट ऐकू येतंय पण हेडफोनमधून नाही, म्हणजे आतली नस चांगलीये, आवाज वाटेत अडतोय, पडद्याला भोक, मधल्या कानात पाणी असं काहीतरी. हा कंडक्टिव्ह लॉस, बऱ्याचदा औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारतो. हाडाच्या आणि हेडफोनच्या खुणा सारख्याच खाली असतील तर सेन्सरीन्यूरल, म्हणजे कॉक्लियातल्या (आतल्या कानातला शंखासारखा भाग) आवाज टिपणाऱ्या केसपेशी किंवा नस खराब, आणि या पेशी माणसात परत तयार होत नाहीत. दोन्ही खाली, तरी मध्ये अंतर, तर मिक्स्ड, म्हणजे दोन्ही प्रकारचा बिघाड एकत्र.

सेन्सरीन्यूरलला साधारणपणे हिअरिंग एड, म्हणजे कानाचं मशीन. लॉस जास्त असेल तर कानामागचं घ्या, आत लपणारं दिसायला छान पण ताकद कमी पडते. कान सतत वाहत असेल तर कानात काही कोंबण्यापेक्षा हाडातून आवाज देणारं बोन कंडक्शनचं विचारा. लॉस खूपच जास्त आहे आणि चांगलं मशीन लावूनही शब्द कळत नाहीत, तर कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने आतल्या कानात बसवायचं यंत्र), ते थेट नसेला सिग्नल देतं, पण ऑपरेशननंतर मॅपिंग (त्या यंत्राचं सेटिंग जुळवणं) आणि ऐकायचा सराव महिनोन्महिने करावा लागतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाच्या बाबतीत तर अजिबात थांबू नका, बोलणं ऐकूनच येतं.

फिटिंगच्या वेळी रिअल इअर मेजरमेंट करा म्हणून सांगा, त्यात कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज किती पोचतो ते मोजतात. नंतरही सेटिंगसाठी परत परत जावं लागतं, कंटाळून मशीन ड्रॉवरमध्ये टाकू नका.

आणि एका कानाने अचानक, एका रात्रीत ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी ईएनटीकडे पळा, स्टिरॉइड लवकर सुरू झालं तरच फायद्याची शक्यता जास्त असते.