ऑफर आली, पण पगार ठरवायचा कसा?

एचआरचा फोन येतो, "चार लाख वीस हजारांचं पॅकेज आहे, कधी जॉइन होताय?" आणि पोरगं लगेच "हो सर, सोमवारी येतो" म्हणून मोकळं होतं. छत्रपती संभाजीनगरची वाळूज एमआयडीसी असो, शेंद्रा असो की जालन्याचा स्टील कारखाना, पगाराचं नुकसान बहुतेक वेळा याच फोनवर होतं. होकार देऊ नका, नकारही देऊ नका. "धन्यवाद मॅडम, काम आवडलं. पगाराची फोड मेलवर पाठवाल का? उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो," एवढंच बोला. यावरून कुणी ऑफर काढून घेत नाही. घेतलीच, तर तिथलं पुढचं काम कसं असेल ते आधीच कळलं.

फोड आली की कागद-पेन घ्या. ४,२०,००० म्हणजे महिन्याला ३५,००० दिसतात. त्यात १०% परफॉर्मन्स बोनस धरलेला असेल तर ३,५०० गेले. ते वर्षाअखेरी, आणि कंपनीनं दिले तर. मूळ वेतन १७,५०० असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२% म्हणजे २,१००, आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) ४.८१% म्हणजे साधारण ८४२. हे दोन्ही तुमच्या पॅकेजमध्येच मोजलेले असतात. उरले २८,५५८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ २,१०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) कापले की हातात २६,२५८ पडतात. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना प्रोफेशनल टॅक्स नाही. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० कापतात. मग दोन्ही वाटे मिळून हातात सहाशे जास्त येतात, पण पीएफ खात्यात तेवढा कमी साठतो.

आता आकडा ठरवा. समजा हातात ३,००० वाढवून हवेत. वरच्याच फोडीनं पाहिलं तर वाढलेल्या प्रत्येक शंभरातले जेमतेम पंच्याहत्तर हातात येतात. म्हणून पॅकेज वर्षाला ४८,००० च्या आसपास वाढावं लागतं, म्हणजे ४,६८,०००. मागायचे ४,८५,०००. घासाघीस होणारच. एचआर पॅकेजच्या भाषेत बोलतो, त्याला "हातात इतके द्या" सांगितलं की तो सोयीचा अर्थ लावतो.

गाव सोडायचं असेल तर हिशेब वेगळा. लातूरहून चाकणला जाताना खोलीचं डिपॉझिट, भाडं, मेस आणि महिन्याची गावची फेरी लिहून काढा. घरी राहून मिळणारे २२,००० आणि तिकडचे २८,००० यात बऱ्याचदा फरकच उरत नाही.

मागताना घरची अडचण सांगू नका. बहिणीचं लग्न, गावाकडचं कर्ज हे खरं असेल, पण त्यावर कंपनी पगार ठरवत नाही. काम सांगा: "सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) प्रोग्रॅमिंग आणि सेटिंग दोन्ही मी करतो, वेगळा सेटर लागत नाही. या कामासाठी ४,८५,००० ची अपेक्षा आहे." आणि थांबा. समोर शांतता झाली की आपलीच माणसं घाबरून "पण ४,४० ला पण चालेल सर" म्हणतात. सध्याचा पगार फुगवून सांगू नका. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट मागतात, तिथे उघडं पडतं.

आकडा हलत नसेल तर बाकीच्या गोष्टी काढा. बोनस कमी करून तो मूळ पगारात घेता येतो. वाळूजच्या बजाजनगरात राहून शेंद्र्याला जायचं असेल, म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, तर कंपनीची बस आहे का, की पेट्रोल आपलंच? नाईट शिफ्टचा भत्ता किती? "सहा महिन्यांनी वाढवू" म्हणाले तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून मागा.

पगार एकवीस हजारांच्या काठावर असेल तर इथे जपून. वेतन २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतं, तुमच्याकडून ०.७५% कापतात, कंपनी ३.२५% भरते आणि घरच्यांनाही उपचार मिळतात. २०,८०० ऐवजी २१,४०० वर रुजू झालात तर ते कवच मिळतच नाही. अशा वेळी एक तर वाढ चांगली घसघशीत मागा, नाही तर कंपनीचा मेडिक्लेम आई-वडिलांना धरून मागा.

रोल कुणाचा, म्हणजे कागदोपत्री नोकरी कुणाकडे, हेही विचारा. गेट कंपनीचं आणि ऑफर लेटर कॉन्ट्रॅक्टरचं, असं सर्रास असतं. बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार, असेल तर मुदत आणि रक्कम वाचा. मूळ मार्कशीट जमा करू नका, झेरॉक्स द्या. जुन्या कंपनीचा नोटीस पिरियड विकत घ्यायचा असेल, म्हणजे मुदत पूर्ण न करता पैसे भरून सुटायचं असेल, तर ते पैसे कोण भरणार तेही मेलवरच ठरवा.

सही-शिक्क्याचं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत राजीनामा टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचं "कन्फर्म" धरू नका. लेटर आलं की फोडीतला प्रत्येक आकडा बोलण्याशी जुळवा; चूक दिसली तर सही करायच्या आधीच मेल टाका.